क्लब व्हॉलीबॉलची जागतिक स्पर्धा बघायची कशी? एका जुन्या सेटरची वही

पुरुषांच्या क्लब व्हॉलीबॉलची जागतिक स्पर्धा अलीकडे डिसेंबरात येते आणि आठवड्याच्या आत आटपते. कधी चार संघ, कधी सहा, कधी आठ. फायनलच्या दिवशी टीव्ही लावणाऱ्याला दोन मीटर उंचीची माणसं चेंडू बडवताना दिसतात, टाळ्या ऐकू येतात, आणि इटलीचा पेरुजा क्लब का जिंकला हे विचारलं तर उत्तर येतं, ‘भारी मारत होते.’ मारत तर दोघंही होते!

मी आधी कॉलेजकडून आणि मग विद्यापीठाकडून सेटर म्हणून, म्हणजे मारणाऱ्यांना चेंडू वर उचलून देणारी म्हणून, खेळले. नंतर शाळेत मुलांना शिकवलं, आणि सामन्यांना गुणलेखक म्हणूनही बसले. सवयच अशी लागली की वहीशिवाय सामना बघताच येत नाही. ती वही कशी ठेवायची तेच इथे सांगते. सामान फार लागत नाही: चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर. पेन नको, कारण रोटेशन, म्हणजे खेळाडूंच्या जागांचा फिरता क्रम, चुकीचा लिहिला गेला की खोडावं लागतं आणि खेळ काही तुमच्यासाठी थांबत नाही.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. चेंडूच्या मागे नजर न्यायची नाही. सर्व्हिस होण्याआधी सेटर कुठे उभा आहे ते बघायचं आणि मग पहिला पास, म्हणजे आलेली सर्व्हिस उचलून सेटरकडे दिलेला चेंडू, कुठे पडतो ते. चेंडू काय, तो आपोआप दिसतोच.

आदल्या संध्याकाळचा अभ्यास

आधी संघांची नावं सोडवून घ्या. क्लबच्या नावात प्रायोजक असतो आणि प्रायोजक बदलला की नाव बदलतं, म्हणून शहर किंवा मूळ क्लब धरून ठेवायचा. इटलीतल्या चिविटानोव्हाच्या नावातली लुबे ही स्वयंपाकघराचं फर्निचर बनवणारी कंपनी. ट्रेन्टिनोच्या नावातली इटास विमा विकते. पेरुजाच्या नावातली सर सेफ्टी कामगारांसाठी सुरक्षा-बूट आणि कपडे बनवते. क्रुझेरोच्या मागचा साडा हा ब्राझीलमधला वाहतुकीचा उद्योगसमूह, तर मिनासच्या जर्सीवर इटांबे हा दुधाचा ब्रँड. तुर्कस्तानची हाल्कबँक म्हणजे सरळ बँक, आणि जपानची सनटोरी पेयं बनवते. २०२३ ची फायनल पेरुजा आणि मिनासमध्ये झाली, म्हणजे सुरक्षा-बूट विरुद्ध दूध. असं डोक्यात बसवलं की नावं विसरत नाहीत.

इतिहास थोडक्यात पुरे. १९८९ ला इटलीत पार्माला पहिली स्पर्धा झाली आणि पार्माच्याच क्लबनं ती जिंकली. १९९२ पर्यंतच्या चारही स्पर्धा इटालियन क्लबांनी नेल्या. मग स्पर्धा जी बंद पडली ती थेट २००९ ला दोहाला पुन्हा सुरू झाली. ट्रेन्टिनोनं दोहात सलग चार वेळा, २००९ ते २०१२, विजेतेपद घेतलं आणि २०१८ ला पोलंडमध्ये पाचवं. साडा क्रुझेरोनं २०१३, २०१५, २०१६, २०२१ आणि २०२४ अशी पाच मिळवून त्यांना गाठलं. क्रुझेरोच्या या यादीतल्या पहिल्या चार स्पर्धा बेतीमला झाल्या आणि पाचवी उबरलांदियाला. दोन्ही गावं मिनास जेराइस या त्यांच्याच राज्यातली. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक. यावरून क्रुझेरोला कमी लेखू नका, पण वहीत ‘यजमान कोण’ हा रकाना ठेवा.

खरा अभ्यास आहे तो माणसं कुठून कुठे गेली याचा. यावर तासभर घालवलात तरी वाया जाणार नाही. देशांच्या स्पर्धेत खेळाडू सहसा जन्मभर एकाच बाजूला असतो. क्लबांत तसं नाही. काल ज्याच्या सेटवर तू मारत होतास तोच आज नेटच्या पलीकडे ब्लॉकला, म्हणजे तुझा चेंडू नेटवरच अडवायला, उभा असतो, आणि तुझा खांदा कधी वळतो हे त्याला तुझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

२०१९ चं उदाहरण घ्या. बेतीमला फायनल, क्रुझेरो विरुद्ध लुबे. लुबे इटलीचा क्लब, पण सेटर ब्राझीलचा ब्रुनो. मारायला लेआल आणि हुआन्तोरेना, मधे सिमोन. तिघंही मूळचे क्यूबाचे. त्यातला हुआन्तोरेना पुढे इटलीकडून खेळला, लेआल ब्राझीलकडून. आता गंमत बघा. हाच लेआल क्रुझेरोकडून अनेक वर्षं खेळला होता आणि २०१३, २०१५, २०१६ च्या विजेत्या संघात होता. सिमोनही क्रुझेरोत राहून गेलेला. म्हणजे बेतीमच्या प्रेक्षकांनी ज्यांना डोक्यावर घेतलं होतं तीच माणसं पलीकडच्या जर्सीत आली आणि लुबेनं सामना ३-१ नं नेला. हे ठाऊक नसताना तो सामना बघणं म्हणजे अर्धा सामना बघणं.

प्रशिक्षकांचंही तेच. अँजेलो लोरेन्झेत्ती २०१८ ला ट्रेन्टिनोचे प्रशिक्षक म्हणून जिंकले. तेव्हा त्यांचा सेटर होता सिमोने जानेल्ली. पुढे जानेल्ली पेरुजाला गेला आणि २०२२ च्या फायनलमध्ये पेरुजानं ट्रेन्टिनोला हरवलं. हरलेल्या बाकावर लोरेन्झेत्ती होते. पुढच्या वर्षी लोरेन्झेत्ती पेरुजात आले आणि २०२३ ला जानेल्लीसकट पुन्हा जिंकले. क्रुझेरोचे फिलिपे फेराझ तर आधी याच क्लबचे खेळाडू. २०२१ आणि २०२४ ची विजेतेपदं त्यांनी प्रशिक्षक म्हणून मिळवली.

म्हणून दोन्ही संघांच्या याद्या वहीत समोरासमोर उतरवा आणि जो पूर्वी पलीकडच्या क्लबात होता त्याच्या नावापुढे बाण काढा. सेटरला बाण असेल तर दोनदा अधोरेखित करा. सेटर अडचणीत सापडला की कुणाकडे चेंडू देतो ही सवय लपवता येत नाही आणि जुने सोबती ती विसरत नाहीत. इटालियन संघ असेल तर आणखी एक बघून ठेवा: तिथल्या लीगमध्ये मैदानावर कायम किमान तीन इटालियन असावे लागतात. त्यामुळे संघबांधणीच त्या हिशोबानं झालेली असते. सेटर आणि लिबेरो (फक्त मागे राहून पास आणि बचाव करणारा) इटालियन ठेवायचे आणि परदेशी ताकद मारणाऱ्यांत घालायची, ही मांडणी तुम्हाला वारंवार दिसेल.

गुणतक्ता

गटात ३-० किंवा ३-१ नं जिंकलं तर विजेत्याला ३ गुण, हरणाऱ्याला शून्य. ३-२ झालं तर विजेत्याला २ आणि हरणाऱ्याला १. पण क्रम लावताना आधी जिंकलेले सामने मोजतात, मग गुण, मग सेटचं गुणोत्तर आणि शेवटी एकूण पॉइंटचं गुणोत्तर.

तीन-तीन संघांचे दोन गट असले, जसे २०२३ ला होते, की प्रत्येकाला गटात दोनच सामने मिळतात आणि पहिले दोन उपांत्य फेरीत जातात. समजा अ नं ब ला ३-० हरवलं, ब नं क ला ३-२ आणि क नं अ ला ३-२. तिघांचा एकेक विजय. गुण मात्र अ चे ४, क चे ३, ब चे २. एक सामना जिंकूनही ब घरी. म्हणून ०-२ पिछाडीवरचा संघ तिसऱ्या सेटमध्ये जीव तोडून का खेळतो, असा प्रश्न पडला तर तक्ता उघडा. आठ संघ असले तर चाराचे दोन गट पडतात आणि चूक भरून काढायला थोडी जागा मिळते.

सहा घरं

आता मुख्य काम. वहीत एक आयत काढा, मधोमध नेट. प्रत्येक बाजूला नेटजवळ तीन घरं आणि मागे तीन. आपल्या संघाच्या बाजूनं नेटकडे तोंड करून उभं राहिल्यासारखं धरा: मागे उजवीकडे १, हा सर्व्हिस करणारा. पुढे उजवीकडे २, पुढे मधे ३, पुढे डावीकडे ४, मागे डावीकडे ५, मागे मधे ६. समोरच्याची सर्व्हिस मोडून आपण ती मिळवली की सगळे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे एक घर सरकतात: २ चा १ मध्ये येतो आणि सर्व्हिस करतो.

सेट सुरू होण्याआधी दुसरे पंच प्रशिक्षकानं दिलेल्या लाइनअपशी खेळाडू ताडून बघतात. तेवढाच वेळ खेळाडू खरोखर आपापल्या घरात उभे असतात. तेव्हा कॅमेरा बहुतेक वेळा प्रेक्षकांतल्या ढोल वाजवणाऱ्याकडे असतो, पण जमेल तितकं टिपा. सहाही नंबर टिपता आले नाहीत तरी चालेल. सेटर कोणत्या घरात आहे एवढं कळलं तरी पुरे, बाकीचं काढता येतं. सेटरच्या बरोबर समोरच्या कोपऱ्यात, कर्णावर, ऑपोझिट असतो, म्हणजे संघातला मुख्य मारणारा. तसेच दोन आउटसाइड (डावीकडून मारणारे, पासही घेणारे) एकमेकांच्या समोर आणि दोन मिडल ब्लॉकर (नेटच्या मधे अडवणारे आणि मारणारे) एकमेकांच्या समोर.

एकदा खेळ सुरू झाला की हे सगळे आपापल्या आवडीच्या जागेकडे पळतात आणि नवा माणूस गोंधळतो. पासवर असलेल्या संघाला सर्व्हिस करणाऱ्याचा हात चेंडूला लागेपर्यंत एकमेकांच्या तुलनेत जागा सांभाळाव्या लागतात. सर्व्हिस करणाऱ्या संघाला मात्र २०२५ पासूनच्या नियमांनी मोकळीक दिली आहे, ते कुठेही उभे राहू शकतात. म्हणून रोटेशन ओळखायचं ते पासवरच्या संघाचं.

लिबेरोनं घाबरून जाऊ नका. वेगळ्या रंगाच्या जर्सीतला तो छोटासा माणूस मागच्या रांगेतल्या मिडलच्या जागी येत-जात राहतो. तो बदलांत मोजला जात नाही. मिडल सर्व्हिसला आला की ती सर्व्हिस तो स्वतः करतो, ती मोडली की लिबेरो आत. वहीत मिडलचंच नाव ठेवा, लिबेरो धरू नका.

आता सेटर ज्या घरात आहे त्यावरून रोटेशनला नाव द्या. मी से-१, से-२ असं लिहिते. सहा ओळी, प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने: समोरच्यांची सर्व्हिस असताना पॉइंट मिळवला तर पहिल्या रकान्यात रेघ, गेला तर दुसऱ्यात. बस. पॉइंट कुणी मारला, कसा मारला, काही लिहायचं नाही. पहिला सेट संपेपर्यंत एखाद्या ओळीचा दुसरा रकाना फुगलेला दिसेल. संघ तिथेच अडकतोय.

कुठे अडकण्याची शक्यता जास्त, हे आधीच सांगून ठेवते म्हणजे डोळे तिकडे राहतील. सेटर २, ३ किंवा ४ मध्ये, म्हणजे पुढच्या रांगेत असला की पुढे मारणारे दोघंच उरतात. तिसरा मागून येतो, आणि त्याला तीन मीटरच्या रेषेमागून उडी घ्यावी लागते. मधून मागून येणाऱ्या त्या चेंडूला पाइप म्हणतात. मोठ्या क्लबांचा पाइप इतका सुरळीत असतो की सेटर पुढे असल्याचं नुकसान जाणवतही नाही. पण पास खराब झाला की पाइप पहिला बंद पडतो आणि मग दोनच दारं उघडी राहतात.

सेटर मागे असला की पुढे तीन मारणारे, म्हणजे सोपं असायला हवं. तसं नेहमी होत नाही. से-१ मध्ये ऑपोझिट ४ मध्ये, डावीकडे अडकलेला असतो. तो एरवी उजवीकडून मारतो. सर्व्हिस येण्याआधी त्याला जागा सोडता येत नाही, म्हणून बरेचदा पहिला हल्ला उलट्या बाजूंनी होतो: ऑपोझिट डावीकडून, आउटसाइड उजवीकडून. सरावाशिवाय हे जमत नाही. आणि से-५ मध्ये सेटरला मागच्या डाव्या कोपऱ्यातून नेटपर्यंत सगळ्यात लांब पळावं लागतं. मी खेळत असताना या घराचा मला मनापासून राग यायचा. पास डोक्यावर येऊन थांबलेला आणि आपण अजून तिरके धावतोय.

प्रशिक्षक टाइमआउट कधी घेतो ते वहीशी ताडून बघा. प्रत्येक सेटला दोन, तीस सेकंदांचे. चांगला प्रशिक्षक पिछाडी वाढल्यावर घेत नाही, अडकणाऱ्या घरात दुसरा पॉइंट गेला की घेतो. आणि दुहेरी बदल दिसला तर समजून घ्या: सेटर पुढच्या रांगेत आला की त्याच्या जागी राखीव ऑपोझिट आणि मागे गेलेल्या ऑपोझिटच्या जागी राखीव सेटर. तीन रोटेशन पुढे तीन मारणारे राहतात. मग दोघं परत आपल्या जागी. यात सेटमधले सहापैकी चार बदल खर्ची पडतात, म्हणून हा डाव बहुधा सेटच्या उत्तरार्धात दिसतो.

पासला मार्क द्या

दुसऱ्या सेटपासून एक रकाना वाढवा. प्रत्येक पासला ० ते ३. सेटर नेटजवळ उभ्या-उभ्या सगळ्यांना चेंडू देऊ शकतोय, तर ३. दोन पावलं मागे यावं लागलं, मिडलला चेंडू देता येईना, तर २. तीन मीटर रेषेच्या मागे पळून उंच चेंडूच टाकता येतोय, तर १. पॉइंटच गेला तर ०. शिक्षकासारखं कडक राहा, आवडता लिबेरो आहे म्हणून वाढीव मार्क नको.

आता ३ आणि २ मधला फरक बघा. पास ३ असेल तर समोरचा मिडल ब्लॉकर क्षणभर आपल्या मिडलसाठी थबकतो आणि बाजूच्या हल्ल्यावर उशिरा पोहोचतो. पास १ असेल तर समोरचे तिघंही आरामात चालत जाऊन भिंत उभी करतात. टीव्हीवर दोन्ही वेळा तुम्हाला एक मोठा माणूस जोरात मारताना दिसतो. पहिल्या वेळी त्याच्यासमोर एक ब्लॉकर होता, दुसऱ्या वेळी तीन. त्या तिघांवरूनही जो चेंडू काढतो, हातांवर मुद्दाम आपटून बाहेर घालवतो, त्याच्यासाठी क्लब पैसे मोजतात.

सर्व्हिस बाहेर गेली म्हणून ओरडू नका

घरातली मंडळी सोबत बघत असतील तर हा वाद होणारच: एवढ्या मोठ्या स्पर्धेत खेळतात आणि सर्व्हिस नेटमध्ये मारतात? पेन्सिल घ्या आणि हिशोब दाखवा. आकडे मी समजावण्यासाठी धरलेत. समजा हळू, सुरक्षित सर्व्हिसवर समोरचा संघ शंभरात ७० पॉइंट मिळवतो, तुम्हाला ३०. आता जोरात मारा. शंभरात २० वाया गेल्या, १० थेट पॉइंट मिळाले, उरलेल्या ७० मध्ये पास बिघडल्यामुळे तुम्ही दहातले चार जिंकता, म्हणजे २८. एकूण ३८. वीस चुका करूनही आठ पॉइंट वर. चांगल्या जंप सर्व्हिसचा वेग ताशी १२० किलोमीटरच्या वर जातो आणि पलीकडच्या माणसाला अर्ध्या सेकंदाच्या थोडाच वर वेळ मिळतो. जंप फ्लोट मात्र वेगळी जात. तिला वेग कमी, पण चेंडू फिरत नाही म्हणून शेवटी डगमगतो आणि हातावर चुकीच्या जागी लागतो.

स्क्रीनवर वेगाचा आकडा झळकला की समालोचक आनंदानं किंचाळतात. मला त्या आकड्यात फारसा रस नाही. सर्व्हिस कुणावर टाकली ते लिहा. सलग चार सर्व्हिस एकाच आउटसाइडवर गेल्या तर तो पासमध्ये कच्चा आहे, किंवा त्याला पासमध्ये गुंतवून त्याचा पाइप बंद करायचा आहे. दोन्हीतलं कोणतं, हे त्याच्या मार्कांवरून कळेल: मार्क ३ येत असूनही त्याच्यावरच टाकतायत, तर उद्देश दुसरा.

चॅलेंजबद्दल, म्हणजे पंचांचा निर्णय व्हिडिओवर तपासायला लावण्याबद्दल, एवढंच पुरे: सेटला दोन अयशस्वी चॅलेंजची मुभा, बरोबर निघालं तर शिल्लक कायम. चेंडू ब्लॉकच्या बोटाला लागला का, यावर सगळ्यात जास्त मागितली जातात. तोवर मागचे पासचे मार्क नीट करून घ्या.

कुठून बघायचं

प्रत्यक्ष बघायला मिळालं तर कोर्टच्या बाजूला बसण्याचा मोह टाळा. महाग तिकिटं तिथली असतात, पण तिथून मान डावी-उजवी फिरते आणि घरं दिसत नाहीत. मागच्या रेषेच्या पाठीमागे, थोडं वर बसा. बंगळुरूला २०२३ ला कोरमंगलाच्या इनडोअर स्टेडियममध्ये ही स्पर्धा झाली तेव्हा मी तशीच जागा धरली. समोर पासवाल्यांची रांग पंख्यासारखी उघडताना-मिटताना दिसत होती, आणि ब्लॉक किती बाहेर उभा राहतोय हेही. सनटोरीच्या संघात दिमित्री मुसेर्स्की होता. २१८ सेंटीमीटर उंच, नेट २४३. हाच २०१४ ला रशियाच्या बेल्गोरोडकडून ही स्पर्धा जिंकला होता. २०१२ च्या लंडन ऑलिंपिक फायनलमध्ये रशिया ब्राझीलविरुद्ध ०-२ मागे असताना याच माणसाला मिडलवरून ऑपोझिटला नेलं आणि रशियानं सामना ३-२ फिरवला, तेव्हापासून त्याची घरं मी बारकाईनं बघते. जपानमध्ये तो ऑपोझिटच खेळला.

सामन्याच्या पाऊण तास आधी जाऊन बसा. सराव बघा, विशेषतः सेटरचा. जो चेंडू तो सरावात सारखा मागून घेतोय तोच सामन्यात अडचणीच्या वेळी देणार.

ब्राझीलमध्ये स्पर्धा असेल तर तिथलं घड्याळ आपल्या साडेआठ तास मागे असतं. रात्री साडेआठचा सामना आपल्याकडे पहाटे पाचला. जागणं जमत नसेल तर व्हॉलीबॉल वर्ल्डच्या व्हीबीटीव्हीवर सोयीनं बघा. निकाल आधी कळू देऊ नका. सर्व्हिसच्या आधी थांबवून घरं भरता येतात ही मोठी सोय आहे. शिकायचं असेल तर मी हेच सुचवेन.

आकड्यांचा कागद

सामना संपला की आकडेवारी येते. ‘सर्वाधिक गुण’ या रकान्यावर विसंबू नका. ज्याला जास्त चेंडू दिले त्याचे गुण जास्त असणारच. कार्यक्षमता काढा: मिळवलेले पॉइंट, उणे बाहेर-नेटमध्ये गेलेले, उणे ब्लॉक झालेले, भागिले एकूण प्रयत्न. एकानं २० पैकी १२ मारले, २ बाहेर घालवले, २ ब्लॉक झाले: १२ वजा ४ म्हणजे ८, भागिले २०, चाळीस टक्के. दुसऱ्यानं २० पैकी १० मारले पण एकही घालवला नाही: पन्नास टक्के. बातमीत पहिल्याचा फोटो येतो. मी दुसऱ्याला संघात घेईन.

मग तुमचे पासचे मार्क कागदावरच्या पासच्या टक्क्यांशी जुळतात का बघा. तंतोतंत जुळणार नाहीत. फार तफावत असेल तर बहुधा तुम्ही २ च्या जागी ३ देत होतात.

पाचवा सेट

२-२ झालं की नाणेफेक पुन्हा होते. सेट पंधराचा, दोनच्या फरकानं, आणि एका संघाचे आठ झाले की बाजू बदलतात. प्रशिक्षक नवी लाइनअप देतो आणि कुणाला कोणत्या घरातून सुरू करायचं हे नव्यानं ठरवू शकतो. पंधरा पॉइंटांत सहाही रोटेशन दोनदा फिरतीलच असं नाही, त्यामुळे सुरुवात जिथून होते ती घरं जास्त वेळा वाट्याला येतात आणि शेवटचं एखाद-दुसरं घर कधीकधी येतच नाही.

नाणेफेक चालू असताना वही उलटा. चार सेटच्या ओळी एकत्र करा. ज्या घराचा दुसरा रकाना फुगलाय ते प्रशिक्षक शेवटी ढकलेल, आणि ज्या घरात त्याचा सगळ्यात जोरकस सर्व्हिसवाला १ मध्ये येतो ते पुढे आणेल. दोन्ही एकदम जमत नसेल तर त्याला एकच निवडावं लागेल. लाइनअप मैदानात उतरण्याआधी तुमचा अंदाज वहीत लिहून ठेवा, समोर सेटरचं घर, आणि मगच स्क्रीनकडे बघा.